टायमिंग बेल्टचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळच्या बाजूला माझं गॅरेज आहे. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि शिमग्याच्या आधी आठ दिवस फोनवर एकच विषय चालतो: मुंबईहून निघायचंय, बेल्ट बघून घेऊ का? दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न गाडीमालकांचे आहेत, काही शिकाऊ पोरांचे, आणि शेवटचे काही माझ्यासारख्याच मिस्त्रींनी विचारलेले. आधी सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टायमिंग बेल्ट म्हणजे तो बाहेर दिसतो तोच ना, अल्टरनेटरचा?

नाही. बाहेर दिसतो तो फॅन बेल्ट. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, एसी बंद पडतो, काही गाड्यांत पाणीही फिरत नाही, पण इंजिन आतून शाबूत राहतं. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या कव्हराच्या आत असतो आणि त्याला आतून दात असतात. क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) चाल तो कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात. व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे सगळं या रबराच्या पट्ट्यावर चालतं. कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत असा दातेरी बेल्ट पहिल्यांदा १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने घातला. त्याआधी हे काम चेन नाहीतर गिअर करत.

२. माझ्या गाडीला बेल्ट आहे की चेन?

आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या गाड्यांपुरतं सांगतो. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, एस्टीम, जुनी वॅगन-आर, ७९६ सीसीची अल्टो: बेल्ट. ह्युंदाई सँट्रो: बेल्ट. इंडिकाचं १.४ डिझेल: बेल्ट, आणि तोच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो (प्रश्न १७). जुनी इनोव्हा २.५ डिझेल: बेल्ट. डस्टर आणि व्हेरिटोचं १.५ डिझेल, फिगोचं १.४ डिझेल, पोलोचं १.६ डिझेल: बेल्ट.

स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल, मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि इनोव्हा क्रिस्टाचं २.४ डिझेल यांना चेन आहे. चेनचा ताण तेलाच्या दाबावर चालतो, हाताने लावायचा नसतो. तुमची गाडी यात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

३. ताण कमी-जास्त झाला तर नेमकं होतं काय?

सैल बेल्ट कव्हराला आतून घासतो, फडफडतो, त्याच्या दातांच्या कडा झिजतात आणि एक दिवस तो पुलीवर एक-दोन दात उडी मारतो. ही उडी बहुतेक वेळा सेल्फ मारताना पडते. गार इंजिनावर बेल्ट सगळ्यात सैल असतो आणि झटका तेव्हाच मोठा बसतो. एका दाताने टायमिंग सुटलं तर गाडी ओढत नाही, धूर मारते. जास्त दात सुटले तर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह खाली असतो आणि दोघांची गाठ पडते. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) यांच्यात जागा जवळजवळ नसतेच, तिथे व्हॉल्व्ह वाकला म्हणूनच समजा.

घट्ट बेल्टचं नुकसान गुपचूप होतं. त्याला वेगळा प्रश्न दिला आहे, कारण चूक तिथेच जास्त होते.

४. जरा घट्टच ठेवला तर काय बिघडतं? सैल पडण्यापेक्षा बरं की!

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांचं म्हणणं हेच असतं. "कडक ताण रे, परत सैल पडाक नको," असं म्हणून गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं.

बेल्टच्या पोटात काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. ताण त्या घेतात, रबर घेत नाही. या दोऱ्या लांबायला जवळजवळ तयार नसतात, त्यामुळे बेल्ट जास्त ओढला तर तो पुढे वापरून सैल होईल ही आशा खोटी आहे. जास्तीचा भार जातो टेन्शनरच्या (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगवर, आयडलरवर (बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या पुलीवर), आणि वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर पंपाच्या बेअरिंगवर. दातांच्या मुळाशीही ताण वाढतो आणि तिथे चिरा पडतात. शेवटी बेल्ट तुटतोच, फक्त तुटण्याआधी बेअरिंग ओरडतं.

शिकत असताना मी स्वतः हे केलं आहे. एका ८०० चा टेन्शनर स्प्रिंगवर न सोडता पान्याने टेकवून धरला आणि बोल्ट आवळला. गाडी सुरू झाल्यावर एक बारीक, एकसुरी आवाज येत होता, कुणी लांबून सनई धरावी तसा. मला वाटलं नवा बेल्ट आहे, बसेल. फोंडा घाट चढून वर जाईपर्यंत टेन्शनरचं बेअरिंग निळं पडलं होतं. सुदैवाने मालकाने आवाज ऐकून गाडी थांबवली. उस्तादांनी मला शिवी दिली नाही, फक्त ते बेअरिंग महिनाभर हत्यारांच्या फळीवर माझ्यासमोर टांगून ठेवलं.

५. ताण गार इंजिनावर लावायचा की गरम?

गार. आणि गार म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी. चहा पिऊन येईपर्यंत बॉनेट उघडं ठेवलं याला गार म्हणत नाहीत. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तर तीही गार धरू नका, सावलीत घ्या.

कारण सोपं आहे. इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड फुगतं, क्रँक आणि कॅम एकमेकांपासून लांब जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात क्रँक-कॅममधलं अंतर ३०० मिमी धरलं आणि तापमान ३० वरून ९० अंशांवर गेलं, तर ते अंतर सुमारे ०.४ मिमी वाढतं. बेल्ट दोन्ही बाजूंनी जातो, म्हणजे त्याची वाट जवळपास ०.८ मिमी लांब होते. बेल्ट स्वतः तेवढा लांबत नाही, म्हणून गरम इंजिनावर ताण आपोआप वाढतो. बिडाचा ब्लॉक असेल तर फुगणं कमी, पण दिशा तीच. गरम इंजिनावर ताण बरोबर लावला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्ट सैल मिळेल, आणि सेल्फ सकाळीच मारायचा असतो.

६. अंगठा आणि बोटात धरून पाव फेरा पिळायचा, ही जुनी पद्धत बरोबर आहे का?

तपासायला ठीक, लावायला नाही. बेल्टचा सगळ्यात लांब मोकळा भाग शोधून त्याच्या मध्यावर अंगठा आणि तर्जनीने पिळला, तर तो साधारण ९० अंश वळावा आणि तिथे अडावा, असा हा अंदाज. आता ज्याचा हात कुदळ धरून घट्ट झाला आहे तो १२० अंश पिळेल, आणि कारकुनाच्या बोटांना ६० अंशांतच दम लागेल. बेल्टची रुंदी वेगळी, मोकळ्या भागाची लांबी वेगळी, तरी कोन तोच कसा राहील? मी पिळून बघतो ते शेवटी, काही भलतंच चुकलेलं नाही ना एवढ्यासाठी. ऑटोमॅटिक टेन्शनरच्या गाडीत तर या पद्धतीचा काहीच उपयोग नाही.

७. साध्या स्प्रिंगवाल्या टेन्शनरचा ताण कसा लावायचा? क्रमाने सांगा.

मारुती ८०० च्या घराण्यातली इंजिनं डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. दुसऱ्या गाडीचा क्रम तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने फिरेल आणि कुठे अडतंय ते हाताला कळेल. क्रँकची आणि कॅमची खूण जुळवा. जुना बेल्ट काढण्याआधी टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड दोन्ही सैल करून स्प्रिंग खरंच ओढते का ते बघा. आपल्या किनाऱ्यावर ही स्प्रिंग आणि टेन्शनरची प्लेट जिथे फिरते ती जागा गंजून जाम होते. प्लेट हाताने ढकलल्यावर परत आली नाही तर स्प्रिंग ताण लावतेय असं नुसतं वाटतं, प्रत्यक्षात गंज लावत असतो. घासून साफ करा, नाहीतर बदला.

नवा बेल्ट आधी क्रँकच्या पुलीवर चढवा, मग ओढती बाजू ताठ ठेवून कॅमवर. ओढती बाजू म्हणजे इंजिन फिरताना क्रँक ज्या बाजूने बेल्ट आपल्याकडे खेचतो ती. तिच्या विरुद्ध बाजूला टेन्शनर असतो. सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला गोळा झाली पाहिजे. बेल्ट स्क्रू-ड्रायव्हरने रेटून बसवू नका, आतल्या काचेच्या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. याच कारणाने नवा बेल्ट घडी घालून खिशात ठेवणाऱ्या पोराला मी गॅरेजच्या बाहेर उभं करतो.

आता बोल्ट सैल ठेवून टेन्शनर स्प्रिंगवर सोडा. क्रँक इंजिनाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा पुन्हा बघा, आणि मगच स्टड आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळायच्या पान्याने) आवळा. आवळताना टेन्शनरला हात लावू नका. बोल्टाबरोबर प्लेटही किंचित फिरते, तेवढं लक्ष ठेवा. ती फिरली तर बोल्ट सैल करून पुन्हा.

यात जोर कुठेच लावायचा नाही, ताण किती हे स्प्रिंग ठरवते.

८. दोनच फेरे का? एक का नाही? आणि चुकून मागे फिरवलं तर?

एका फेऱ्यात कॅम अर्धाच फिरतो, खुणा जुळत नाहीत. दोन फेऱ्यांनी कॅम मूळ जागी येतो. पण खरं कारण ताणाचं आहे. बेल्ट नुकताच चढवलेला असतो तेव्हा त्याच्या एका भागात ताण जास्त, एका भागात कमी असतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कधी पुढे ढकलतात, कधी मागे, तसा बेल्ट दातांत बसत जातो आणि ताण सगळीकडे सारखा पसरतो. काही इंजिनांना मॅन्युअल जास्त फेरे सांगतं, तिथे तेवढे द्या.

फिरवायचं नेहमी क्रँकच्या बोल्टावरून, कॅमच्या बोल्टावरून कधीच नाही. मागे फिरवलं तर ढिलाई ओढत्या बाजूला जाते आणि आधीची मेहनत वाया. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे आणू नका, पुढचे दोन फेरे पूर्ण करा. मध्येच क्रँक अडला तर पान्याला नळी लावून रेटू नका. तो बहुधा पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असतो.

९. माझ्या गाडीला ऑटोमॅटिक टेन्शनर आहे. मग ताण लावायचा प्रश्नच नाही ना?

आहे. ऑटोमॅटिक याचा अर्थ गाडी चालताना तो ताण सांभाळतो. बसवताना त्याला मधल्या जागी आणून ठेवणं तुमचं काम आहे. अशा टेन्शनरवर एक काटा आणि एक खाच किंवा खिडकी असते. मधला बोल्ट सैल करून ॲलन की किंवा दोन टोकांच्या पान्याने टेन्शनरचा गाभा फिरवायचा आणि काटा खाचेवर आणायचा. कोणत्या दिशेने, ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच टेन्शनरवर बाणही असतो. उलट दिशेनेही काटा खाचेवर येतो आणि तिथेच फसगत होते: सगळं बरोबर दिसतं, पण टेन्शनर चुकीच्या बाजूने टेकलेला असतो आणि काही शे किलोमीटरवर त्याची जीभ तुटते.

काटा खाचेवर आला की बोल्ट टॉर्कवर आवळा, दोन फेरे द्या आणि पुन्हा बघा. हलला असेल तर परत पहिल्यापासून. इंजिन गरम झाल्यावर काटा थोडा सरकलेला दिसला तर घाबरू नका, ते त्याचं कामच आहे (प्रश्न ५).

१०. इनोव्हाच्या टेन्शनरला पिन घालायची असते ती कशासाठी?

जुन्या २.५ डिझेल इनोव्हाचा टेन्शनर हायड्रॉलिक आहे, आत तेल आणि दांडा. बाहेर काढल्यावर दांडा पूर्ण वर येतो. तो व्हाइसमध्ये हळूहळू दाबून, भोक भोकासमोर आलं की बारीक पिन किंवा ॲलन की घालून अडकवायचा. टेन्शनर बसवून बेल्ट चढला की पिन ओढायची. दाबताना तो उभा धरा आणि घाई करू नका, झटक्याने दाबला तर आतलं सील जातं. हाताने दाबल्यावर दांडा सहज आत गेला किंवा सीलजवळ तेल दिसलं तर टेन्शनर संपला.

या गाडीत डॅशबोर्डवर टी-बेल्ट असा दिवा लागतो. तो किलोमीटर मोजून लागतो, बेल्ट बघून नाही. दिवा लागला नाही म्हणजे बेल्ट चांगला आहे असं समजू नका.

११. मोबाइलवर ॲपने ताण मोजता येतो म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि मला हे फार आवडतं. तंबोऱ्याची तार जशी, तसाच बेल्टचा मोकळा भाग. जास्त ताणला की सूर चढतो. दोन पुलींमधल्या मोकळ्या भागाला बोटाने टिचकी मारायची आणि सेकंदाला किती कंपनं होतात ते माइकने मोजायचं. हिशोब असा: ताण = ४ × बेल्टचं दर मीटर वजन × मोकळ्या लांबीचा वर्ग × कंपनसंख्येचा वर्ग.

उदाहरण घ्या. मोकळी लांबी ०.२ मीटर, बेल्टचं वजन मीटरला ०.१२ किलो, आणि ॲपने १०० हर्ट्झ दाखवलं. ताण आला १९२ न्यूटन, म्हणजे साडेएकोणीस किलोच्या आसपास ओढ. आता कंपनं ९० वर आली तर ताण सुमारे १५६ न्यूटन. कंपनसंख्या दहा टक्क्यांनी उतरली आणि ताण एकोणीस टक्क्यांनी. वर्गाचा हा गुण लक्षात ठेवा. ॲपवर दोन-चार आकड्यांचा फरक किरकोळ दिसतो, पण बेल्टला तो दुप्पट लागतो.

फसण्याच्या जागाही सांगतो. ॲप कधी कधी मूळ सुराऐवजी त्याची दुप्पट पकडतं, मग ताण चौपट वाटतो. म्हणून पाच-सहा टिचक्या मारा आणि जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तो घ्या. माइक बेल्टच्या अगदी जवळ, पण न टेकवता. मोकळी लांबी म्हणजे बेल्ट एका पुलीवरून जिथे सुटतो तिथून दुसरीवर जिथे टेकतो तिथपर्यंत, पुलींच्या मध्यांमधलं अंतर नाही. आणि जून-जुलैत पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग करूच नका. माझ्या शेडवर पाऊस पडायला लागला की मोबाइलला फक्त पाऊस ऐकू येतो.

ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हर्ट्झ किंवा न्यूटनचा आकडा दिला आहे तिथेच हे कामाचं. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही.

१२. बेल्ट नवा, टेन्शनर जुनाच ठेवला तर चालेल का? पैसे वाचतील.

नको. जुना टेन्शनर बोटाने फिरवून बघा. खरखर लागली, किंवा पुली गरगर खूप वेळ फिरत राहिली, तर आतलं ग्रीस गेलं आहे. चांगलं बेअरिंग थोडं जड फिरतं आणि लगेच थांबतं. समुद्राच्या हवेत स्प्रिंग गंजून बारीक होते, ती ठरलेला ताण देऊच शकत नाही. बेल्ट, टेन्शनर, आयडलर एकाच किटमध्ये घ्या. माझ्या मते यात पैसे वाचवणं म्हणजे फणस सोलून गरे टाकून देणं.

१३. वॉटर पंप बदलायचा आहे. बेल्ट तोच परत घालू का?

डस्टर-व्हेरिटोच्या १.५ डिझेलमध्ये पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तिथे पंप आणि बेल्ट एकत्र बदला. जुना बेल्ट पाणी आणि कूलंट पिऊन मऊ झाला असेल तर ताण कितीही नीट लावा, टिकणार नाही. एकदा उघडलं की मजुरी तीच.

देवू सिएलो किंवा ओपल कोर्सा अजून कुणी जपून ठेवली असेल तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट: त्या इंजिनांत वॉटर पंपच फिरवून बेल्टचा ताण लावतात. पंपाचे बोल्ट वर्षानुवर्षं न हलल्याने पंप ब्लॉकमध्ये जाम होतो. तो ठोकून फिरवला की ओ-रिंग फाटते आणि ताण बरोबर लागूनही पाणी गळतं. पंप काढून, बसायची जागा साफ करून नव्या ओ-रिंगने बसवा.

१४. गाडी गावी उभी असते, वर्षाला दोन हजार किलोमीटरही होत नाहीत. बेल्ट कशाला बदलायचा?

चाकरमान्यांची गाडी! गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चालते, बाकी दिवस पडवीत ताडपत्रीखाली. किलोमीटर झाले नाहीत तरी रबराचं वय थांबत नाही. एकाच जागी महिनोन्महिने उभा राहिलेला बेल्ट लहान पुलीभोवती वाकलेला असतो, त्याला तो वाक लागतो. पावसाळ्यात उंदीर उबेला येतात. एका गाडीचं वरचं कव्हर काढलं तर आत काथ्या आणि सुकलेलं भाताचं तूस, बेल्टच्या कडेला दातांच्या खुणा. बेल्टच्या दातांच्या नव्हे, उंदराच्या.

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरा. उभ्या गाडीला वर्षंच आधी भरतात.

१५. गाडी पुराच्या पाण्यात गेली होती. सुरू झाली, नीट चालते. बेल्ट तपासायचा का?

तपासायचा नाही, बदलायचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, त्यानंतर कित्येक महिने अशा गाड्या गॅरेजांत येत होत्या. धुऊन, वाळवून चालवलेल्या. कव्हर उघडलं की आत लाल गाळाचा बारीक थर, दातांच्या खोबणीत घट्ट बसलेला. खोबणी भरली की बेल्ट पुलीवर थोडा उचलला जातो आणि ताण वाढतो. मग गाळ झडतो आणि ताण उतरतो. टेन्शनरच्या बेअरिंगमधलं ग्रीस पाण्याने धुतलं जातं. ते आज वाजत नाही, पण पुढे वाजणार. पुली ब्रशने आणि कोरड्या कापडाने साफ करा. डिझेलने किंवा पेट्रोलने धुतलेल्या पुलीवर लगेच नवा बेल्ट चढवू नका, रबराला ते सोसत नाही.

गुहागर-मुरुडच्या पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनाही हेच. वाळू खालच्या कव्हराच्या फटीतून आत जाते.

१६. जुना बेल्ट सैल वाटला म्हणून पुन्हा ताणला तर?

दोऱ्या लांबत नाहीत हे प्रश्न ४ मध्ये आलं. मग सैल का झाला? दात झिजले, टेन्शनर सरकला, स्प्रिंग गेली, किंवा कॅमच्या सीलमधून तेल उतरून रबर फुगलं. यातलं काहीही ताणून बरं होत नाही. गाडीला नवा बेल्ट नुकताच घातला असेल आणि मॅन्युअल ठरावीक किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघायला सांगत असेल, तेवढा एकच अपवाद.

१७. खुणा अगदी जुळवल्या होत्या, पण ताण लावल्यावर कॅमची खूण अर्धा दात सरकली. आता?

बेल्ट चढवताना ओढती बाजू ढिली राहिली. टेन्शनरने बेल्ट ओढला, त्या ढिलाईएवढा कॅम फिरला. अर्धा दात "चालून जाईल" म्हणून सोडू नका. बेल्ट काढा, कॅम किंचित मागे घेऊन ओढती बाजू ताठ करून चढवा, ताण लावा, दोन फेरे, मग बघा. तरीही अर्धाच दात राहत असेल तर एक दात पुढे-मागे करून कुठे जुळतं ते शोधा. दोन्हीकडे अर्धा दात दिसत असेल तर खूण चुकीच्या कोनातून बघताय, डोळा पुलीच्या समोर आणा. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरच्या खुणेवर विसंबलात तर आणखी एक खोडी: तिचं रबर सुटलेलं असेल तर ती खूण जागची हललेली असते.

इंडिका डिझेलमध्ये डिझेल पंपही याच बेल्टवर. तिथे कॅम जुळला आणि पंप अर्धा दात सरकला तर गाडी सुरू होते, पण सकाळी पांढरा धूर काढते किंवा कडकड वाजते. तीन खुणा एकदम बघा.

१८. हेड घासून घेतलं. ताणात काही फरक पडेल का?

पडतो. हेड ०.२ मिमी घासलं तर कॅम तेवढा खाली आला, बेल्टची वाट कमी झाली आणि टेन्शनरला जास्त पुढे यावं लागतं. एकदा घासलेल्या हेडला टेन्शनरची हद्द पुरते. दोन-तीनदा घासलेल्या हेडला काटा खाचेवर आणताना टेन्शनर टोकाला टेकलेला दिसतो का ते बघा. कॅमचं टायमिंगही केसभर मागे पडतं. हेड गॅस्केट जाड मिळत असेल तर ते घाला.

१९. बेल्ट तेलात बुडालेला असतो अशीही इंजिनं आहेत ना?

आहेत. इकोस्पोर्टचं १.० लिटर इकोबूस्ट इंजिन त्यातलंच. तिथे बेल्ट तेलातच चालण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून नेमून दिलेल्या ग्रेडचंच तेल घाला. हे काम घरी करू नका.

२०. घराकडची वाट उताराची आहे. गाडी गिअरमध्ये लावून ठेवतो. त्याने बेल्टला काही होतं का?

कोकणातलं घर आणि सपाट अंगण, ही जोडी क्वचितच. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला नाही आणि उतार मागच्या बाजूला असेल, तर गाडी केसभर मागे सरकते आणि इंजिन उलटं फिरू बघतं. उलट फिरताना ओढती बाजू ढिली होते आणि सगळा भार टेन्शनरच्या बाजूला येतो. चांगला टेन्शनर हे सहज झेलतो. गंजलेल्या स्प्रिंगचा किंवा तेल गळलेला हायड्रॉलिक टेन्शनर मागे दबतो आणि बेल्ट क्रँकच्या लहान पुलीवर दात उडवतो. सकाळी सेल्फ मारल्यावर गाडी नेहमीपेक्षा मऊ आणि भरभर फिरते, पण सुरू होत नाही. तसं झालं तर दुसरा सेल्फ मारू नका, आणि धक्का तर मुळीच नको. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना जांभ्याचा दगड लावून तशीच ठेवा, वरचं कव्हर उघडा आणि कॅमची खूण कुठे आहे ते बघा.